पहिली ओंजळ पाण्याला

ढिवराचं पोर चालायच्या आधी डोंग्यावर उभं राहतं, असं आमच्या मासेमारांच्या गावात म्हणतात. डोंगा म्हणजे एकाच बुंध्यातून कोरलेली अरुंद होडी. बांबूने रेटायची, आणि अंगाचा तोल हेच तिचं सुकाणू. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून बाबांच्या पुढे, डोंग्याच्या टोकाला उभी राहून तळ्यात फिरत होते. शिंगाड्यांचा हंगाम आला की आम्ही दोघं रोज पाण्यावर. वेल उचलायचा, त्याच्या पोटाखालचे शिंगाडे तोडायचे, वेल पुन्हा पाण्यावर अलगद पसरून ठेवायचा. बोटांना काटे बोचायचे, पाणी थंडगार असायचं, आणि जगात दुसरं काहीही मला याच्याइतकं आवडत नव्हतं. शाळेच्या बाकावर मी घटकाभर स्थिर बसले असेन तर शपथ. डोंग्यावर मात्र तासन्‌तास हलायची नाही.

तोडणीची एक रीत होती. त्या दिवशीचे पहिले शिंगाडे टोपलीत टाकायचे नाहीत. ओंजळ भरायची आणि पाण्याला परत द्यायची. ज्याच्या पायाखाली डोंगा, त्याने ओंजळ द्यायची. आमच्याकडे ती अर्थातच बाबा द्यायचे. त्यांच्यानंतर मी नुसता पाण्याला नमस्कार करायची आणि मनात म्हणायची, एक दिवस मी देईन.

आठवीच्या दिवाळीनंतर, भर दिवसा, अर्धं गाव काठावर असताना मी त्याच डोंग्यावरून पडले. पडले तीही एकटी नाही. बाबा, बांबू, भरलेली टोपली, सगळ्यांना सोबत घेऊन पडले. वर आले तेव्हा तोंडात शेवाळ होतं आणि काठावर हशा. कोणाचा तरी मोबाईल आधीपासूनच चालू होता. संध्याकाळपर्यंत माझी डुबकी गावातल्या सगळ्या ग्रुपवर पोहोचली.

झालं होतं असं की त्या वर्षी मी एकाएकी ताडमाड वाढले होते. जूनमध्ये घेतलेला युनिफॉर्म दिवाळीपर्यंत घोट्याच्या वर चढला. दाराची चौकट डोक्याला लागायला लागली. पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे करावा तर हात पेल्याच्या पुढेच जायचा. आई म्हणायची, "घरातले भांडे तुले पाहून पळून राहिले वो!" शरीर माझंच होतं, पण कोणीतरी मला न विचारता बदलून दिलं होतं. कंबर रुंद झाली, छाती भरली आणि पाळी सुरू झाली. विज्ञानाच्या पुस्तकात या सगळ्यावर एक धडा होता. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि नैतिक विकास, चार चौकटींमध्ये छान आखून दिलेला. बाई म्हणाल्या, "हा घरी वाचून घ्या," आणि पुढच्या धड्यावर गेल्या. घरी वाचला. त्यात डोंग्याबद्दल काही नव्हतं.

मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. तोडणी कधी सुरू करायची, कोणाची हद्द कुठे संपते, हे तळ्याचं सगळं त्यांच्या शब्दाने चालायचं. ते वाईट नव्हते. लहानपणी मला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्या संध्याकाळी ते आमच्या अंगणात खाटेवर बसले आणि बाबांना म्हणाले, "पोर मोठी झाली. मोठ्या पोरीचं वजन तळं घेत नाही. आता तिले डोंग्यावर चढवू नको."

मी दाराआडून ऐकत होते. मला लपून ऐकायचं तर असतं, पण गप्प बसायचं जमत नाही. मी बाहेर आले आणि म्हणाले, "मंग म्हशीचं वजन काहून घेते?"

गावातल्या साऱ्या म्हशी रोज दुपारी त्याच तळ्यात डुंबत होत्या. आईने मागून पाठीला असा चिमटा काढला की तो आठवला की अजून चर्र होतं. बाबा खाली मान घालून जाळ्याची गाठ सोडवत बसले होते, आणि ती गाठ काही सुटत नव्हती. मला मोठ्या बाबांपेक्षा बाबांचा राग जास्त आला. ते दोन शब्द बोलले असते तर? पण नाही बोलले.

दुसऱ्या दिवसापासून मी काठावरच्या बायकांत गेले. त्यांचं काम म्हणजे आलेला माल निवडायचा, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात उकडायचा, टोपलीत भरून डोक्यावर घ्यायचा, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचा आणि बस धरून भंडाऱ्याला विकायला जायचं. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मी हेच करू लागले. काम कमी नव्हतं, उलट जास्तच होतं. पण माझी नजर पाण्यावर असायची. बाबा एकटेच डोंगा रेटताना दिसले की मी राग शिंगाड्यांवर काढायची. माझ्या हातचे शिंगाडे फार जोरात आपटून निवडले जात.

शाळेत माझं नाव डुबकी पडलं. "डुबकी आली रे, सरका, पानी उडंल!" मी वर्गात सगळ्यात उंच, त्यामुळे लपायलाही जागा नाही. मग मी वाकून चालायला लागले. खांदे पुढे, मान खाली. दप्तर छातीशी धरायचं आणि भिंतीच्या कडेने जायचं. वाटायचं, थोडी आखडले तर थोडी कमी दिसेन. त्या वर्षी मी कोणाशी धड भांडलेसुद्धा नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, ही केवढी मोठी गोष्ट होती.

माझी पाठ सरळ केली ती टोपलीने. ओल्या शिंगाड्यांची टोपली डोक्यावर घेऊन वाकून चालताच येत नाही. सुरुवातीला मी दर धुऱ्यावर डगमगायची. धुरा हातभर रुंद, दोन्ही बाजूंना धानाच्या खाचरांत चिखल. मी हात पसरून, खांद्यांनी तोल सावरत चालायची आणि टोपली अर्धी करून रस्त्यावर पोहोचायची. एकदा आई मागून म्हणाली, "मानेनं कायले धरून राहिली? कमरेनं चाल. कमर आता तुही भारी झाली, तिलेच ओझं दे."

मला लाज वाटली आणि रागही आला. पण तसं करून पाहिलं. खांदे सोडून दिले, गुडघे किंचित सैल केले आणि सगळं वजन कमरेत येऊ दिलं. काही दिवसांनी धुरा संपला तेव्हा लक्षात आलं की डोक्यावर टोपली आहे हेच मी विसरले होते. मी तिथेच थांबले. मला डुबकी आठवली. डोंग्यावर मी अजूनही सात वर्षांच्या पोरीसारखी उभी होते. हात पसरून, छाती पुढे काढून, जणू अंगात कापूस भरलाय. वजन खाली उतरलं होतं आणि मी ते वरच शोधत होते. तळ्याने वजन घेतलं नाही हे खोटं होतं. माझं वजन मीच घेतलं नव्हतं.

हे मी बाबांना सांगितलं. ते अंगणात जाळं विणत होते. ऐकून घेतलं, सुतळी दातांनी तोडली आणि विचारलं, "अन् गुडघे?"

"वाकवून," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले आणि पुन्हा विणायला लागले. पण त्यांच्या मिशीत काहीतरी हललं होतं. मला तेवढ्यावर बरेच दिवस ढकलता आले.

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर बसून विकताना आणखी एक गोष्ट जमली. तिथे लाजून भागत नाही. वाकून बसलेल्या पोरीचे शिंगाडे कोणी घेत नाही. ओरडावं लागतं, हसावं लागतं, भाव पाडणाऱ्या काकूंना गोड बोलून वाटेला लावावं लागतं. एका रविवारी आमच्याच वर्गातला मुलगा त्याच्या आईबरोबर समोर आला. डुबकी हे नाव ठेवणारा तोच. मला पाहून तो आईच्या मागे सरकला. मी आवाज चढवला, "घ्या काकू, घ्या. डुबकीवाले शिंगाडे आहेत. तुमच्या पोराले विचारा, वर्गात सगळ्यांत फेमस!" त्याच्या आईला काही कळलं नाही. त्याचे कान मात्र लाल झाले. नंतर तोही हसला आणि मीही. सोमवारी वर्गात कोणीतरी डुबकी म्हणालं, तर मी ताठ मानेने "हजर!" म्हणाले. त्यानंतर त्या नावात कोणाला मजा येईना. मला मात्र कळलं की आपल्यावर पडलेलं हसू आपण उचलून घेतलं की ते आपलं होतं.

असं सगळं जमत गेलं. पण तळं काही मिळालं नाही. दोन हंगाम गेले. मी दहावीत गेले, उंची वाढायची थांबली, आणि मी काठावरच होते.

त्या कार्तिकात जाळ्यातून मागूर मासळी सोडवताना तिचा काटा बाबांच्या उजव्या तळहातात घुसला. हात कोपरापर्यंत सुजला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून बजावलं की जखम सुकेपर्यंत पाण्यात हात घालायचा नाही. इकडे आमच्या हद्दीतले शिंगाडे तयार झालेले. तयार शिंगाडा वाट पाहत नाही. काळा पडतो, देठ सोडतो आणि चिखलात जातो. दुसऱ्यांना बोलवावं तर ज्याचा त्याचा माल तयार. मोठ्या बाबांचे गुडघे धरलेले, त्यांची मुलं नागपूरला कामाला. ते स्वतःचंच कसंबसं उरकत होते. वर्षभर राखलेलं सगळं डोळ्यांदेखत बुडणार होतं.

सकाळी मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी जाते डोंगा घेऊन."

बाबांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जा," म्हणाले. दोन वर्षांनी का होईना, बोलले. मला त्यावरही भांडायचं होतं, पण वेळ नव्हता.

आईने मला न्हाणीपाशी गाठलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. "आज तुहा दुसरा दिवस हाये," ती हळूच म्हणाली. "मोठी आई इचारंल. नाही म्हनजो. एक शबद तं आहे. मी काय कमी वेळा म्हनली?"

पाळीच्या दिवसांत तळ्याला, जाळ्याला, टोपलीला हात लावायचा नाही, या नियमाने मी दर महिन्याला घरी बसायची; पण आईचं हे मला ठाऊक नव्हतं. आई जाळ्याला हात लावायची, मासे निवडायची, टोपली न्यायची, आणि दर वेळी कोणी विचारलं की नाही म्हणायची. घर चालावं म्हणून. किती वर्षं, ते मी विचारलं नाही.

काठावर पोहोचले तेव्हा बातमी माझ्या आधी पोहोचली होती. बायका गंजाशी, पुरुष आपापल्या डोंग्यांपाशी, आणि मधोमध मोठे बाबा काठी टेकून उभे. ते मला काही विचारणार नव्हते. असलं पुरुषाने विचारायचं नसतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, माझ्याजवळ आली. तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि आवाज मायेचाच होता. "बाई, तू आज बाहेरची तं नाहीस ना?"

ती कानात बोलली, पण सगळा काठ ऐकत होता. एक शब्द पुरे होता. नाही म्हटलं की डोंगा माझा. माझ्या जिभेवर तो शब्द आलाही होता. पण डोळ्यांसमोर आई उभी राहिली, तो शब्द वर्षानुवर्षं गिळत आलेली. आणि मला लख्ख दिसलं की आज मी नाही म्हणून गेले, भरल्या टोपलीने परत आले, तरी जिंकणार तो नियमच. सगळे म्हणतील, पाहा, पोर नियमाने गेली, म्हणून तळ्याने घेतली. आणि पुढच्या महिन्यात मी पुन्हा खोटं बोलेन, त्याच्या पुढच्याही, आणि एक दिवस माझ्या पोरीला न्हाणीपाशी गाठून तेच शिकवेन. मला शिंगाडे हवे होते, हे खरं. पण मला तळं पाहिजे होतं.

आवाज बसस्टँडचा निघाला.

"आहे. दुसरा दिवस आहे. अन् मी जाऊन राहिली."

मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याकडे पाहून म्हणाले, "तं मंग तू जान अन् तळं जाने." आणि काठावरच्या दगडावर जाऊन बसले, काठी दोन्ही हातांत धरून, आता काय होतं ते बघायला.

मी वळले तर बाबा गुडघाभर पाण्यात उतरले होते. पट्टीचा हात वर, आणि डाव्या हाताने त्यांनी डोंगा घट्ट धरून ठेवला होता, माझ्यासाठी. सगळ्या गावासमोर. दोन वर्षांचा राग मी तिथेच पाण्यात सोडला.

पाय ठेवला. डोंगा हलला. अंगाला जुनी सवय आठवली आणि हात पसरायला निघाले. मी त्यांना आवरलं. गुडघे सैल सोडले. वजन कमरेत येऊ दिलं. डोंगा डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला आणि शांत झाला. मी बांबू रोवून रेटलं. आधी काठ मागे गेला, मग बाबा, मग काठावर पुन्हा हशा होईल की काय ही भीती. जिथे पडले होते ती जागा मला पाठ होती. तिथे पोहोचल्यावर मी मुद्दाम थांबले, दोन्ही पायांनी डोंगा हलवून पाहिला. माझ्या अंगाखाली तो सरळ झाला. मी एकटीच मोठ्याने हसले. हे शरीर माझं होतं! कोणीतरी बदलून दिलेलं नव्हतं, माझंच होतं, उंच, भारी आणि आज रक्त जाणारंसुद्धा, आणि त्याला पाण्यावर उभं राहता येत होतं.

त्या आनंदात मी पहिला वेल उचलला, हिरवे-लाल टपोरे शिंगाडे पटापट तोडले आणि टोपलीत टाकले.

"अवोऽऽ!" काठावरून आरोळी आली. "पैली ओंजळ पान्याले दे ना! इसरली काय वो?"

मी डोंग्यावरच वळून पाहिलं. मोठे बाबा दगडावरून उठून उभे राहिले होते आणि काठी हवेत हलवत होते. धरलेल्या गुडघ्यांचं त्यांना भान नव्हतं. ज्याच्या पायाखाली डोंगा, त्याने ओंजळ द्यायची, ही रीत ते मला शिकवत होते. मलाच. आपण काय बोललो ते त्यांना क्षणभराने कळलं असावं. काठी खाली आली आणि ते उगाच खाकरले.

मी टोपलीतून शिंगाडे काढले, ओंजळ भरली आणि पाण्यात सोडली. एकेक करून ते खाली गेले. डोळे भरून आले होते, पण डोंग्यावर उभं राहून डोळे पुसता येत नाहीत, तोडणीला दोन्ही हात लागतात. म्हणून वाहू दिले.

ऊन उतरेपर्यंत तोडत राहिले. भरलेला डोंगा घेऊन काठाला लागले तेव्हा बायका साड्या खोचून पाण्यात आल्या. आई सगळ्यांत पुढे होती. टोपली घेताना तिने माझं मनगट दुखेल इतकं दाबलं. मोठे बाबा जवळ आले. एक शिंगाडा उचलला, दातांनी सोलला, चावला. "कवळे बी तोडली," म्हणाले. "देठ पाहून तोडत जा." मी हो म्हणाले. खरंच काही कोवळे आले होते. पण त्यांनी "तोडत जा" म्हटलं होतं, आणि मला तेवढंच ऐकू येत होतं.

त्या दिवशी कोणी व्हिडिओ काढला नाही. पडले की काढतात.

बाबांचा हात बरा होईपर्यंत आमची सगळी तोडणी मीच केली, आणि बरा झाल्यावर डोंग्याच्या मागच्या टोकाला मी उभी राहू लागले, पुढे बाबा. पुढच्या हंगामात काठावर मोठी आई टोपली उचलणाऱ्या एका सुनेला हळूच काही विचारत होती, तेव्हा शेजारून आई म्हणाली, "मले बी इचारा ना. मी बी आहे आज." एवढं म्हणून तिने टोपली डोक्यावर घेतली आणि धुऱ्याला लागली. मी डोंग्यावरून पाहत राहिले. माझी आई उंच आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.

त्याच हंगामात मोठ्या बाबांचे गुडघे पार गेले. एका सकाळी त्यांनी निरोप पाठवला, पोरीला धाडा. मी गेले तेव्हा ते आपल्या डोंग्यापाशी उभे होते, गुळगुळीत झालेला बांबू हातात घेऊन. तो त्यांनी कधी कोणाला दिला नव्हता, मुलांनाही नाही. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

मी घेण्याआधी थांबले. सांगायलाच हवं होतं. "मोठे बाबा," मी म्हणाले, "मी आज बाहेरची आहे."

त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भलतंच काही काढलं.

"मी कुठं इचारलो तुले?" ते म्हणाले. "चाल, चढ लवकर. ऊन चढून राहिलं. अन् पैली ओंजळ इसरू नको."

मी विसरले नाही.